वाढत्या मापाची डिस्क घेऊ नका!

आपल्या मराठवाड्यात लेकराला काहीही घ्यायचं म्हटलं की दुकानदाराला सांगायचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "जरा वाढत्या अंगाचं दाखवा." शर्ट वाढत्या अंगाचा. बूट एक नंबर मोठा, पुढे कापूस कोंबून. सायकल तर अशी की पहिली दोन वर्षं पोरगं दांडीच्या मधून पाय घालूनच चालवतं. यात हसण्यासारखं काही नाही. पैसा कष्टाचा असतो आणि पोरं पावसाळ्यातल्या गवतासारखी वाढतात. पण एक वस्तू अशी आहे की ती वाढत्या मापाची घेतली तर लेकरू ती वापरायला शिकतच नाही. ती वस्तू म्हणजे हवेत फेकायची डिस्क.

आता तुम्ही म्हणाल, हे काय नवीन खूळ? सबमिशन तोंडावर आलंय आणि ह्याला खेळणी सुचतायत. पण हॉस्टेलच्या अर्ध्या पोरांना घरी लहान भाऊ-बहीण किंवा भाचा-पुतण्या आहे, आणि स्टाफ क्वार्टर्समधली चिल्लर पार्टी रोज संध्याकाळी ग्राउंडवर असतेच. मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये त्यांचं काम एकच, बॉल आणून देणे. त्यांच्यासाठी हा लेख.

डिस्क गोल्फ म्हणजे काय?

गोल्फ म्हणजे काठीने चेंडू मारत खड्ड्यात घालायचा. इथे काठी नाही, चेंडू नाही आणि खड्डाही नाही. चेंडूच्या जागी तबकडी आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. पहिली फेक ठरलेल्या जागेवरून करायची, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची. सगळ्यात कमी फेकींत जो टोपली गाठेल तो जिंकला. बावीस खेळाडू नकोत, पिच नको, अंपायर नको. दोघं असले तरी खेळ होतो आणि एकटा असला तरी सराव होतो. मुलगा-मुलगी असा भेद करायचीही गरज पडत नाही.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपला मुद्दा त्यातच दडलेला आहे. अमेरिकेत फ्रेड मॉरिसन नावाच्या माणसाने तयार केलेली प्लास्टिकची तबकडी १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीने बाजारात आणली. पुढे तिचं नाव पडलं फ्रिसबी. हे नाव फ्रिस्बी नावाच्या एका बेकरीवरून आलं, तिथले गिऱ्हाईक पायचे रिकामे पत्र्याचे डबे एकमेकांकडे फेकायचे. त्याच व्हॅम-ओमध्ये काम केलेल्या एड हेड्रिक यांनी साखळीची टोपली तयार केली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचं पहिलं कायमस्वरूपी मैदान झालं आणि १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली. तोपर्यंत सगळे साध्या, जाड कडेच्या डिस्क वापरत होते. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांनी तिरकस धार असलेली डिस्क काढली. हवा कापत ती खूप लांब जायला लागली. खेळ बदलला, डिस्क वेगवान झाल्या. पण त्यांना लागणारा हाताचा वेगही वाढला. लहान मुलांची अडचण सुरू झाली ती इथे.

डिस्क उडते कशी?

ज्यांनी फ्लुइड मेकॅनिक्स आणि थिअरी ऑफ मशीन्स हे दोन्ही पेपर दिलेत (पास-नापासाचा प्रश्न वेगळा!) त्यांना हे लगेच कळेल. बाकीच्यांनी घाबरू नये.

डिस्क एकाच वेळी दोन कामं करते. एक, ती पंख आहे : पुढे जाताना हवा तिला वर उचलते. दोन, ती भोवरा आहे : स्वतःभोवती फिरते म्हणून कोलमडत नाही. गोल वस्तू फिरवून फेकली की स्थिर जाते, हे नांदेडकरांना नवीन सांगायला नको. होळीला आणि दसऱ्याला हल्लाबोलच्या मिरवणुकीत निहंग शिखांच्या उंच पगडीवर पोलादी कडी दिसतात. त्यांना चक्कर म्हणतात आणि एके काळी ते फेकायचं शस्त्र होतं. त्याचं सगळं वजन कडेला असतं, मध्ये पोकळ. वजन मध्यापासून जितकं लांब तितका फिरण्याचा जोर जास्त टिकतो. गोल्फ डिस्कची कड जाड आणि मधला भाग पातळ असतो तो याच कारणाने.

आता महत्त्वाचा भाग. हवेची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लेकराच्या फेकीचा वेग मोठ्या माणसाच्या निम्मा धरला तर उचल निम्मी नाही, एक चतुर्थांश मिळते. शिवाय वेग कमी पडला की डिस्कचं नाक वर उचलू पाहणारा मोमेंट जोर धरतो. पण डिस्क फिरत असल्यामुळे जायरोस्कोपच्या नियमाने त्याचा परिणाम ९० अंश पुढे होतो. नाक वर जायच्या ऐवजी डिस्क एका बाजूला कलते. उजव्या हाताने, हात आडवा आणून फेकणाऱ्याची डिस्क शेवटी डावीकडे कलते. डावखुऱ्याचं बरोबर उलटं.

मोठ्या माणसाची वेगवान डिस्क आधी बरंच अंतर सरळ जाते आणि मग शेवटी कलते. लेकराच्या हातून ती सरळ जाण्याच्या वेगाला पोचतच नाही. हातातून सुटल्या सुटल्या तिचा शेवट सुरू होतो. डावीकडे वळली आणि धप्प! दहा वेळा फेकली, दहा वेळा धप्प. पोरगं म्हणतं, "मला येत नाही." खरं तर त्याला येत असतं, डिस्क चुकीची असते.

डिस्कवरचे चार आकडे

बऱ्याच गोल्फ डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. ते वाचता आले की निम्मं काम झालं.

पहिला आकडा स्पीड, साधारण १ ते १४. हा डिस्क किती जोरात जाईल याचा आकडा नाही, तिला किती जोरात फेकावं लागेल याचा आहे. इथेच बहुतेक लोक फसतात. दुसरा ग्लाइड, म्हणजे हवेत तरंगण्याचा गुण. तिसरा टर्न : सुरुवातीला उजवीकडे झुकण्याची सवय, ती उणे आकड्यात लिहितात. चौथा फेड : शेवटी डावीकडे किती वळणार. (दिशा उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या.)

उदाहरणं बघा. इनोव्हा कंपनीची एविअर ही पटर जातीची डिस्क : २, ३, ०, १. त्याच कंपनीची लेपर्ड : ६, ५, उणे २, १. आणि डिस्ट्रॉयर : १२, ५, उणे १, ३. नावावरून आणि आकड्यावरून पोरं डिस्ट्रॉयरच मागणार. ती देऊ नका. तिचा स्पीड १२ आहे आणि फेड ३. लेकराच्या हातात ती विटेसारखी पडेल.

मुलासाठी नियम सोपा आहे : स्पीड कमी (पहिल्या डिस्कसाठी ५ पर्यंत, जरा सराव झाला की ६-७), ग्लाइड जास्त, टर्न शून्य किंवा उणे, फेड शून्य किंवा एक. उणे टर्नमुळे कमी वेगाची डावी ओढ थोडी कापली जाते आणि डिस्क सरळ जाते.

वजन किती असावं?

नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन चालतं. साधारण २१ सेंटीमीटरच्या डिस्कला म्हणजे १७५ ग्रॅमच्या आसपास. मोठे लोक हीच वापरतात. आपण १७५ च्या ऐवजी १४० ग्रॅमची घेतली तर वजन २० टक्के कमी झालं. उचल वेगाच्या वर्गात असल्यामुळे तितकंच तरंगायला वेग सुमारे १० टक्के कमी लागतो. लहान हातासाठी एवढा फरक मोठा असतो.

हा लेकरांचा लाड नाही बरं का. क्रिकेटच्या नियमातसुद्धा पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि १३ वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा आहे. थाळीफेकीत पुरुषांची थाळी २ किलोची, २० वर्षांखालच्या मुलांची पावणेदोन आणि १८ वर्षांखालच्यांची दीड किलोची. तिथे कुणी "वाढत्या मापाची थाळी द्या" म्हणत नाही.

अंदाजाने असं धरा :

५ ते ७ वर्षं : १०० ते १३० ग्रॅम. मिळाली नाही तर बाजारातली साधी मऊ फ्रिसबीही चालेल.

८ ते १० वर्षं : १३० ते १४५ ग्रॅम.

११ ते १३ वर्षं : १४५ ते १६० ग्रॅम.

वय फक्त खुणेसाठी आहे, हाताची ताकद बघून एक पायरी वर-खाली करा. मात्र फार हलकी घेण्यातही तोटा आहे. फिरण्याचा जोर वजनाबरोबर कमी होतो आणि जरा वारा आला की डिस्क पतंगासारखी भरकटते.

हातात बसते का?

डिस्क लेकराच्या हातात द्या. अंगठा वर, बाकीची बोटं खाली. बोटांची टोकं कडेच्या आतल्या बाजूला नीट टेकली पाहिजेत. वेगवान डिस्कची कड दोन सेंटीमीटरच्या पुढे रुंद असते, ती लहान मुठीत मावत नाही. पकड ढिली झाली की डिस्क कमी फिरते आणि कमी फिरली की डुलते. पटरची कड अरुंद असते, म्हणून तीच बरी.

आणखी एक. पटरची कड बोथट असते, ड्रायव्हरची पातळ आणि टणक. गोल्फ डिस्क झेलायची नसते. पोरांना झेलाझेली खेळायची असेल तर त्यासाठी फ्रिसबी वेगळी ठेवा. फेकण्याआधी समोर कुणी नाही हे बघायची सवय पहिल्या दिवशीच लावा.

आपलं ऊन, आपली माती

प्लास्टिक दोन प्रकारचं मिळतं. साधं प्लास्टिक स्वस्त, हाताला चिकटून राहणारं, पण लवकर घासणारं. महागडं प्लास्टिक टिकाऊ, पण बऱ्याचदा गुळगुळीत. पहिल्या डिस्कला साधंच घ्या. ते झिजत जातं तशी डिस्क उजवीकडे जास्त झुकायला लागते, म्हणजे लेकराच्या सोयीचीच होते. जुनी झाली म्हणून टाकायची नाही!

आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात डिस्क पत्र्यावर किंवा बंद गाडीत ठेवली तर वाकडी होते. सावलीत, सपाट ठेवा. वारा आणि ऊन दोन्ही टाळायचे तर सकाळी लवकर खेळा. रंग गुलाबी किंवा निळा घ्या, कारण वाळलेल्या गवतात पिवळी आणि पावसाळ्यात हिरवी डिस्क शोधण्यात संध्याकाळ जाते. पावसात काळ्या मातीचा गोळा कडेला चिकटतो, म्हणून खिशात एक फडकं असू द्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. विहीर, कॅनॉल आणि विजेच्या तारा यांच्या जवळ खेळू नका. डिस्क तिकडे गेली तर गेली. तिच्यामागे लेकराला पाठवायचं नाही. दुसरी डिस्क घेता येते.

टोपली नसली तरी

क्रिकेटची बॅट वजिराबादेत मिळेल, गंजगोलाईत मिळेल, पण गोल्फ डिस्क बहुधा मागवावीच लागते. मागवताना तीन डिस्कचा संच समोर येतो : पटर, मिडरेंज, ड्रायव्हर. घेतलात तर पहिल्या दोन द्या आणि ड्रायव्हर कपाटात ठेवा. एकच परवडत असेल तर हलकी पटर. लोखंडी टोपलीचा खर्च करूच नका. टोपली निघण्याआधी लोक झाडाला आणि खांबालाच नेम धरून खेळत होते. आपल्याकडे लिंबाची झाडं आहेत, बांधकामावरचं जुनं घमेलं आहे. पाच पावलांवरून दहा फेकी, जमल्या की सात पावलांवरून. डिस्क आडवी धरायची, नाक वर करायचं नाही, जोरापेक्षा मनगटाच्या झटक्याकडे लक्ष द्यायचं.

डिस्क बरोबर निवडली की नाही हे कसं ओळखायचं? दहापैकी सहा-सात फेकी आधी सरळ जाऊन मग वळल्या तर बरोबर. सगळ्या लगेच डावीकडे पडत असतील तर आधी नाक वर होतंय का ते बघा, आणि तसं नसेल तर आणखी हलकी, आणखी कमी स्पीडची डिस्क द्या. उलट, काही महिन्यांनी ती हातातून सुटताच उजवीकडे पळायला लागली तर आनंद माना. हात वाढला आहे. आता एक नंबर वरची डिस्क घ्यायची वेळ झाली.

शर्टाचं ठीक आहे, बाही दुमडता येते. डिस्कची बाही दुमडता येत नाही. लेकराचा हात आज जेवढा आहे तेवढ्याच मापाची डिस्क त्याला द्या. पहिल्याच संध्याकाळी ती सरळ गेली, तर दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर चल म्हणून तेच मागे लागेल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी