हॉलमध्ये रंगलेली दहा वर्षं

निन्टेंडोचा ‘वी’ अमेरिकेच्या बाजारात आला तो १९ नोव्हेंबर २००६ रोजी. यंदा त्याला वीस वर्षं होत आहेत. व्हिडिओ गेमचं एक गाजलेलं यंत्र एवढीच त्याची नोंद राहिली, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. घरातली माणसं सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर हातपाय हलवू लागली, आणि तेही सगळी मिळून, हे त्या यंत्राने करून दाखवलं. आज व्यायामाची ॲप आहेत, मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं आहेत, डोळ्यांवर चढवायचे हेडसेट आहेत. पण व्यायाम एकेकट्याचा झाला आणि भाड्याचाही झाला. माझ्या मुलीने वर्षभराची वर्गणी भरलेला असाच एक व्यायामाचा कार्यक्रम नुकताच मध्येच गुंडाळला गेला. चार ओळींची ईमेल आली आणि विषय संपला. ती वाचून मला संताप आला आणि आमच्या हॉलमधली ती दहा वर्षं आठवली.

वीच्या आधीच्या काळात फार रमण्यासारखं काही नाही. १९८२ मध्ये अमिगा कंपनीने अटारीच्या यंत्रासाठी ‘जॉयबोर्ड’ नावाची, अंगाचा तोल टाकून खेळायची फळी काढली; ती चालली नाही. पुढे जपानमध्ये बांदाईने पावलांनी दाबायची चटई आणली. १९९८ मध्ये कोनामीचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ आला आणि पडद्यावरच्या बाणांबरोबर पाय टाकत पोरं नाचू लागली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तर तो खेळ शाळांमधल्या व्यायामाच्या तासाला नेला. २००३ मध्ये सोनीचा ‘आयटॉय’ कॅमेरा आला. यातलं बरंचसं आपल्याकडे मॉलच्या गेम झोनपर्यंतच पोचलं. घरातल्या मोठ्या माणसांचा त्याच्याशी संबंध आला नाही.

तो संबंध जोडला ‘वी फिट’ने. डिसेंबर २००७ मध्ये जपानात आणि २००८ मध्ये इतर देशांत तो आला. शिगेरू मियामोतो हे निन्टेंडोचे नामांकित गेमकार. रोज वजन करून त्याचा आलेख ठेवायची त्यांना सवय होती आणि त्या सवयीतून हा खेळ जन्मला. एका वजनकाट्यावर न मावणारे सुमो पैलवान दोन काट्यांवर एकेक पाय ठेवून वजन करतात, यावरून त्यांना वर उभं राहून खेळायच्या फळीची कल्पना सुचली. दोन पायांचा भार वेगळा मोजता आला तर माणूस कसा उभा राहतो तेही कळेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या पांढऱ्या ‘बॅलन्स बोर्ड’च्या चार कोपऱ्यांत चार सेन्सर असतात, पोटात चार पेन्सिल सेल. ‘वी फिट’ आणि २००९ चा ‘वी फिट प्लस’ यांच्या मिळून चार कोटींहून जास्त प्रती खपल्या.

आमच्याकडे डोंबिवलीला हा सगळा संच आला तो न्यू जर्सीच्या दिरांच्या बॅगेतून. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत तो असाच आला असेल. ज्यांचं तिकडे कोणी नव्हतं त्यांनी लॅमिंग्टन रोड गाठला. तिकडचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, म्हणून आधी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. डिस्कही त्याच प्रदेशाची लागे, दुसरीकडची यंत्र घेत नसे. एका दुकानदाराने भलत्याच प्रदेशाच्या डिस्क गळ्यात मारल्या आणि परत घ्यायला साफ नकार दिला, ते मी अजून विसरलेले नाही. पण एकदा यंत्र सुरू झालं की त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. इंटरनेट असो-नसो, डिस्क घातली की व्यायाम सुरू.

सासूबाई तेव्हा सत्तरीला आल्या होत्या. डावा गुडघा दुखायचा, म्हणून सगळा भार उजव्या पायावर. फिजिओथेरपिस्ट वारंवार सांगायची, पण आपण तिरक्या उभ्या राहतो हे त्यांना पटत नव्हतं. पहिल्यांदा फळीवर उभ्या राहिल्या तेव्हा पडद्यावर लाल ठिपका उजवीकडे सरकला आणि डाव्या-उजव्या पायाचा भार टक्क्यांत दिसला. त्या बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला, निऱ्या किंचित वर घेतल्या आणि ठिपका मधोमध आणायच्या मागे लागल्या. त्यानंतर ते रोजचंच झालं. दिवेलागणीनंतर टीपॉय भिंतीला, खुर्च्या बाल्कनीत, आणि हॉल मोकळा.

फुटबॉलला डोकं लावायचा त्यातला खेळ सर्वांत लाडका होता. चेंडू आला की त्या बाजूला झुकायचं. मध्येच बूट किंवा पांडाचं तोंड भिरकावलं गेलं तर चुकवायचं. माझी मुलगी शेजारी उड्या मारत ओरडायची, “आजी, डावीकडे झुक ना! अगं, डावीकडे! पांडा येतोय!” ज्या डाव्या पायावर भार टाकायला त्या घाबरत, त्याच पायावर पांडा चुकवायच्या नादात त्या बेलाशक झुकत. योगासनांच्या यादीत सूर्यनमस्कार होता, पण फळीवर करता येईल असा आटोपता. सासूबाई साताऱ्याकडच्या. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या मुलखात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, तिथल्या. “अहो, हा अर्धाच घालतोय,” असं सासऱ्यांना सांगून त्यांनी नातीला सगळी आवर्तनं नीट शिकवली. पडद्यावरच्या शिक्षकामुळे आजी घरातली शिक्षिका झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

या काळात दोन बाजूंनी टीका झाली आणि तिला उत्तर द्यायचं राहून गेलं आहे. एक बाजू जिमवाल्यांची. त्यांच्या मते हा व्यायामच नव्हे. लिव्हरपूलच्या संशोधकांचा २००७ चा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. बसून खेळण्यापेक्षा वीवर मुलांची ऊर्जा जास्त खर्च होते, पण खऱ्या मैदानी खेळाइतकी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. तो मला मान्य आहे. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांना दिसलं की मुलांना असे खेळ नुसते देऊन टाकले तर त्यांची एकूण हालचाल वाढत नाही. तेही मान्य. पण सत्तरीच्या बाईसमोर मैदानाचा पर्याय होता कुठे? तिच्यासमोर पर्याय होता खुर्चीचा. तिला तोल सावरायला हवा होता, न्हाणीघरात न पडता वावरायचं होतं. मेलबर्नच्या संशोधकांनी हीच फळी प्रयोगशाळेतल्या महागड्या फोर्स प्लेटशी ताडून पाहिली आणि तोल मोजायला ती भरवशाची आहे असं २०१० मध्ये नोंदवलं. तिला नुसतं खेळणं म्हणणाऱ्यांनी ते वाचायला हवं होतं.

दुसरी बाजू कसलेल्या गेमरांची. आजीबाई खेळतात तो कसला गेम, असं त्यांचं म्हणणं. खेळावर कोणा एका वयाची मक्तेदारी असावी हे मला कधीच पटलं नाही.

‘वी फिट’मध्ये खोट नव्हती असं नाही. वाढत्या वयाच्या मुलांनाही बीएमआयवरून तो धडाधड ‘लठ्ठ’ ठरवत असे. ब्रिटनमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तसं झाल्यावर कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, आणि ती योग्यच होती.

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’ या गेमच्या यंत्रासाठी ‘किनेक्ट’ आलं. हातात काहीच धरायचं नाही, कॅमेरा सगळं अंग वाचणार. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग गेले. ‘डान्स सेंट्रल’, ‘झुम्बा फिटनेस’, ‘युअर शेप’ असे एकाहून एक कार्यक्रम निघाले. हात किती उचलला, गुडघा किती वाकला हे त्यात दिसे. मात्र एकट्याला सहा फूट आणि दोघांना आठ फूट मोकळी जागा हवी. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये एवढी जागा सोडणारी घरं आपल्याकडे किती? तरीही लोकांनी दिवाण हलवले, दारं उघडी टाकली, पॅसेजमध्ये उभं राहून नाच केले.

उतरण लागली ती २०१३ नंतर. नव्या एक्सबॉक्सच्या गळ्यात किनेक्ट सक्तीने बांधलं गेलं, यंत्र महाग झालं, सतत ऐकणाऱ्या कॅमेऱ्याची लोकांना धास्ती वाटली, आणि वर्षाच्या आत सक्ती मागे घ्यावी लागली. ‘एक्सबॉक्स फिटनेस’ ही सेवा तर ३० जून २०१७ नंतर पूर्ण बंद झाली. ज्यांनी पैसे मोजून व्यायामाचे कार्यक्रम विकत घेतले होते, त्यांनाही ते चालवता येईनात. त्याच वर्षी किनेक्टचं उत्पादनही थांबलं. ज्या प्राइमसेन्स कंपनीच्या तंत्रावर पहिलं किनेक्ट उभं होतं, ती ॲपलने २०१३ मध्येच विकत घेतली होती. सगळं शरीर पाहून चुका सुधारणारी नजर आता चेहरा ओळखून फोन उघडते. आरोग्याच्या दृष्टीने हे मला मोठं नुकसान वाटतं.

पुढची वर्षं भराभर गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये निन्टेंडोचाच ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ आला, टाळेबंदीत त्याचा जगभर तुटवडा झाला, दीड कोटींच्या घरात खप गेला. चांगला खेळ, पण मुख्यतः एकट्याचा. हेडसेटमधला व्यायाम तर डोळे झाकूनच करायचा. आजीने शेजारी उभं राहून काय बघायचं? आणि तो दरमहा पैसे भरून करायचा, कंपनीच्या मर्जीने.

फरक इथेच आहे. निन्टेंडोने वीची ऑनलाइन सेवा २०१४ मध्ये आणि दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केलं. तरी डिस्क चालते, फळी चालते. व्यायाम हा सवयीचा मामला आहे आणि सवय बसायला वर्षं लागतात. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर टांगून ठेवणं आरोग्याला परवडणारं नाही.

विकलेले खेळ सेवा बंद झाल्यावरही चालले पाहिजेत, या मागणीवर युरोपात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या आहेत. व्यायामाच्या कार्यक्रमांना तर ही मागणी अधिक लागू आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय आपल्याकडेही हाती घ्यावा. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर ती पांढरी फळी पडून असेल तर भंगारात देऊ नका. नवे सेल घाला, टीपॉय बाजूला सारा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आधी उभं करा.