सायकलस्वाराचा अपघात आणि कायद्याचे संरक्षण

पुणे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जात असे. स्वयंचलित दुचाकींची संख्या वाढत गेली तशी ही ओळख पुसट झाली. तथापि सायकल रस्त्यावरून नाहीशी झालेली नाही. पुणे महानगरपालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तो याच जाणिवेतून. पहाटे दूध व वृत्तपत्रे पोचविणारे, लगतच्या गावांतून शहरातील बांधकामांवर आणि कारखान्यांत जाणारे कामगार, शाळेची वाट धरणारी मुले-मुली यांना आजही सायकलीचाच आधार आहे. वाहतुकीत सर्वांत कमी जागा व्यापणारा हा प्रवासी अपघातात मात्र सर्वांत असुरक्षित असतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

अपघातात जखमी झालेल्या सायकलस्वाराचे दुसरे नुकसान बहुधा त्याच ठिकाणी, अवघ्या दहा मिनिटांत होते. लोक जमतात, मोटारीचा चालक खिशातून दोन-पाच हजार रुपये काढतो, “आमची काही तक्रार नाही” अशी चिठ्ठी लिहून घेतली जाते आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. हाड मोडल्याचे संध्याकाळी कळते आणि हाताची पकड पूर्ववत होणार नाही, हे दोन महिन्यांनी उमगते. तोवर वाहनाचा क्रमांक विसरलेला असतो, पंचनामा झालेला नसतो आणि ती चिठ्ठी जखमी व्यक्तीच्याच विरुद्ध दाखविली जाते. कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने नोंदीअभावी हातचा जातो.

कायद्यातील स्थान

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार साधी सायकल हे मोटार वाहन नाही. तिला नोंदणी, अनुज्ञप्ती अथवा विमा लागत नाही. यावरून सायकलस्वारास दावा करता येत नाही, असा गैरसमज काही ठिकाणी आढळतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. धडक देणाऱ्या मोटार वाहनाच्या संबंधात सायकलस्वार हा ‘त्रयस्थ पक्ष’ ठरतो. अशा त्रयस्थांना भरपाई मिळावी यासाठीच अधिनियमाच्या कलम १४६ ने प्रत्येक मोटार वाहनाचा विमा सक्तीचा केला आहे. वाहनाचा विमा नसेल तर भरपाईची जबाबदारी वाहनमालकावर राहते. शारीरिक इजेबरोबर सायकलीच्या नुकसानीचीही मागणी करता येते. म्हणून मोडलेली सायकल पंचनाम्यापूर्वी दुरुस्तीस देऊ नये.

पहिला तास

अपघातानंतर जखमी व्यक्तीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व उपाय करणे हे कलम १३४ अन्वये चालकाचे कर्तव्य आहे. जागेवर पोलीस नसल्यास त्याने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, नजीकच्या पोलीस ठाण्यास माहिती दिली पाहिजे.

मदतीस धावणाऱ्या नागरिकासही कायद्याने अभय दिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ नुसार, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याने आपले नाव-पत्ता सांगावा, अशी सक्तीही करता येत नाही. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने जखमीस रस्त्यावर सोडून जाण्याचे आता कारण उरलेले नाही.

उपचारांच्या खर्चाची सोय मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेने केली आहे. मोटार वाहनामुळे रस्त्यावर अपघात झाल्यास जखमी व्यक्तीला नामनिर्देशित रुग्णालयात अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत, १ लाख ५० हजार रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मदत मागता येते व घटनेची नोंदही होते.

नोंद हाच दाव्याचा पाया

बेदरकार अथवा हयगयीने वाहन चालविणे, त्यातून दुखापत करणे आणि मृत्यूस कारणीभूत होणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे २८१, १२५ व १०६ या कलमांखालील अपराध आहेत. प्रथम खबरी अहवालाची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. जखमीस स्वतः जाणे शक्य नसेल तर नातेवाईक वा शेजारीही खबर देऊ शकतात.

१ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या नियमांनी पोलिसांच्या कामाला कालमर्यादा घातल्या आहेत. तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणास व विमा कंपनीस द्यावयाचा असतो. दहा दिवसांत जखमी व्यक्तीस अथवा मृताच्या वारसांना त्यांच्या हक्कांचे विवरण द्यावयाचे असते, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत सादर करावयाचा असतो. हा अहवाल न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून विचारात घेऊ शकते. अर्थात, पोलिसांना अपघात कळलाच नाही तर ही सारी यंत्रणा हलत नाही.

रुग्णालयात दाखल होताना ‘सायकलवरून पडलो’ एवढेच सांगणेही पुढे महागात पडते. वाहनाची धडक बसली असल्यास तसे स्पष्ट सांगावे व केसपेपरवर ते लिहिले गेल्याची खात्री करावी. औषधांची देयके, क्ष-किरण चित्रे, सुटी देताना मिळालेला कागद आणि मजुरी बुडाल्याचा पुरावा जपून ठेवावा.

भरपाईचे दोन मार्ग

पहिला मार्ग कलम १६४ चा. यात चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास २ लाख ५० हजार रुपये अशी ठराविक रक्कम मिळते. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच होय.

दुसरा मार्ग कलम १६६ खालील दाव्याचा. येथे चालकाची हयगय दाखवावी लागते. परंतु रकमेस ठराविक मर्यादा नसते. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या, किंवा अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातलेली असल्याने त्या अवधीतच अर्ज दाखल करणे श्रेयस्कर होय. कलम १६४ ची रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील अर्ज संपुष्टात येतो. म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही मार्गांचा हिशेब मांडावा.

हा हिशेब कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. ३४ वर्षे वयाचा, दरमहा १५,००० रुपये मिळविणारा एक गवंडी आहे. अपघातात मनगट मोडल्याने त्याची कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली असे धरू. वार्षिक १,८०,००० रुपयांपैकी ३६,००० रुपयांची तूट येते. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात (२००९) निश्चित केलेल्या तक्त्यानुसार या वयास १६ हा गुणक लागतो. त्यानुसार नुकसान ५,७६,००० रुपये होते. प्रणय सेठी प्रकरणात (२०१७) घालून दिलेल्या तत्त्वानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळविल्यास ही रक्कम ८,०६,४०० रुपयांवर जाते. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई निराळीच. रस्त्यावर हातात पडलेल्या पाच हजारांची किंमत यावरून कळावी.

राजकुमार प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. वैद्यकीय दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी जशीच्या तशी न घेता, त्या अपंगत्वाचा संबंधित व्यक्तीच्या कमाईवर काय परिणाम झाला, हे पाहावयाचे असते. लेखनिकाचे आणि गवंड्याचे मनगट सारख्याच प्रमाणात अधू झाले तरी गवंड्याचे नुकसान मोठे असते.

वाहन पळून गेल्यास, खड्ड्यात पडल्यास

धडक देऊन वाहन पसार झाले आणि त्याचा शोध लागला नाही, तरी मार्ग बंद होत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावयाचा असून मंजुरी जिल्हाधिकारी देतात. महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही तर पोलिसांनी या योजनेची लेखी माहिती पीडितास द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फर्माविले आहे.

मोटारीचा संबंध नसताना केवळ खड्ड्यामुळे वा उघड्या गटारामुळे अपघात झाल्यास मोटार वाहन अधिनियम लागू होत नाही. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार अशा मृत्यूबद्दल ६ लाख रुपये, तर दुखापतीबद्दल तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते २ लाख ५० हजार रुपये देण्याचे दायित्व संबंधित यंत्रणांवर आले आहे.

हक्काबरोबर दक्षता

सायकलस्वारानेही रस्त्याचे नियम पाळले पाहिजेत. उलट दिशेने येणे, सिग्नल तोडणे, रात्री दिव्याविना जाणे यामुळे अपघातात त्याचाही दोष आढळल्यास कलम १६६ खालील भरपाई त्या प्रमाणात कमी होते. ती सर्वस्वी नाकारली जातेच असे नाही. म्हणून अंशतः चूक असलेल्यानेही भीतीपोटी तक्रार टाळू नये. चालू स्थितीतील ब्रेक, घंटा, पुढचा दिवा आणि मागचा परावर्तक यांचा खर्च थोडा. पण प्राणरक्षणाइतकाच पुढील दाव्यातही त्यांचा उपयोग होतो.

गावातून शहरात कामास जाणाऱ्याचा अपघात झाला की पहिला निरोप पुष्कळदा ग्रामपंचायत सदस्याकडे किंवा शिक्षकाकडे येतो. अशा वेळी ‘मिटवून टाका’ हा सल्ला सदिच्छेने दिलेला असला तरी जखमीच्या कुटुंबास तो वर्षानुवर्षे भोवतो. त्याऐवजी उपचार, वाहनाचा क्रमांक, साक्षीदारांची नावे, छायाचित्रे आणि पोलिसांत नोंद या पाच गोष्टींकडे लक्ष द्यावे. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्यांना तालुका विधी सेवा समितीकडे अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि विहित मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले नागरिक तेथे विनामूल्य साहाय्यास पात्र आहेत. शाळेत वाहतुकीचे नियम शिकविताना अपघातानंतर काय करावे हेही सांगितले, तर ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचेल. सायकलीवर पोट असणाऱ्या माणसाला भरपाई मागताना कोणाच्या दयेची गरज नाही; ती त्याला कायद्यानेच दिलेली आहे.