नळीचा धातु आणि चुंबकाची गति

कोल्हापूर जिल्ह्यांतील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरानें वारणानगरच्या एखाद्या शाळेस चांदीची नळी घडवून दिली, तर उभ्या नळींत सोडलेला बलवान चुंबक दगडासारखा कोसळणार नाहीं, सावकाश उतरेल. चांदी चुंबकास चिकटत नाहीं. मग त्यास अडवितें कोण?

हलत्या चुंबकामुळें नळीच्या अंगांत विजेचे भोंवरे उठतात आणि, 1834 सालीं लेंझनें सांगितल्याप्रमाणें, त्या गतीसच विरोध करितात. धातु जितका सुवाहक, तितका विरोध अधिक. चांदीमागोमाग तांबें, मग ॲल्युमिनियम. तितक्याच जाडीच्या पितळी नळींत वेग तांब्याच्या सुमारें चौपट. बांबूच्या नळींत मात्र अडथळाच नाहीं.

जुन्या वीजमापकांतील ॲल्युमिनियमची चकती चुंबक याच न्यायानें आवरीत असे. तो नसता, तर घरोघरचें बिल खोटें ठरतें.