अमेरिकेची सरकारी शाळा – लेखांक ८ : शुक्रवारची रात्र

गेल्या आठवड्यात आपण टेक्सासमधल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, कारभार पाहिला. त्याची हद्द शहराच्या हद्दीशी जुळतेच असं नाही, घरपट्टीतला मोठा वाटा त्याचा असतो आणि निवडून आलेले विश्वस्त बिनपगारी काम करतात. हा सगळा कारभार शेवटी मुलांच्या कोणत्या दिवसांसाठी चालतो, ते पाहायचं तर ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर हा काळ धरावा. पंचांगाप्रमाणे शरद ऋतू सप्टेंबरच्या शेवटी लागतो, पण टेक्सासच्या शाळेचा शरद ऑगस्टच्या भर उन्हात सुरू होतो आणि त्याचा आठवडा शुक्रवारच्या रात्रीभोवती फिरतो.

शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या मुख्य संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो. माध्यमिक शाळेच्या लहान मुलांचे आणि हायस्कूलच्या दुय्यम संघांचे सामने आठवड्यात आधीच होऊन जातात. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये अनेक हायस्कुलांना एक-दोन स्टेडियम वाटून घ्यावी लागतात, म्हणून तिथे गुरुवारी आणि शनिवारीही सामने लागतात. एच. जी. बिसिंजर या पत्रकाराने ओडेसा गावच्या पर्मियन हायस्कूलचा १९८८चा हंगाम जवळून पाहून १९९०मध्ये ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून जगाला टेक्सासचं हे वेड ठाऊक आहे. वेड आहेच. पण बाहेरून पाहणाऱ्याची नजर चेंडूवरच खिळते आणि मैदानावर त्याच रात्री उभी असलेली बाकीची शाळा निसटते. या लेखात मला त्या बाकीच्या शाळेविषयी सांगायचं आहे.

सुरुवात बँडपासून करू. शाळा उघडण्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्टमध्ये, शाळेच्या वाहनतळावर मार्चिंग बँडचा सराव सुरू होतो. डांबरावर फुटबॉलच्या मैदानासारख्या रेषा आखलेल्या असतात. प्रत्येक मुलाला आपला ‘डॉट’ दिलेला असतो. संगीताच्या अमुक ठोक्याला अमुक रेषेपासून इतक्या पावलांवर उभं राहायचं, ही झाली त्या मुलाची जागा. एका कार्यक्रमात असे कितीतरी डॉट असतात. ते काही मुलं गळ्यातल्या छोट्या वहीत लिहून ठेवतात, काही फोनमध्ये. पाऊल मोजूनमापून पडतं : पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं. लाउडस्पीकरवर मेट्रोनोमची टकटक चालू असते. कोणी अर्धं पाऊल चुकलं की उंच शिडीवरून शिक्षकांचा आवाज येतो, ‘रीसेट!’ आणि सगळे आधीच्या जागी पळत परत जातात. मग तीच आठ मोजकी पावलं पुन्हा, आणि पुन्हा. प्रत्येकाजवळ पाण्याचा मोठा डबा असतो, कारण पारा सहज ३७-३८ अंशांवर जातो.

गणपतीच्या आधी दोन महिने पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही घामाची शिस्त ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. बँड हा वेळापत्रकातला तास असतो, त्याला गुण असतात, शिकवणारे शिक्षक डिस्ट्रिक्टच्या पगारावर असतात आणि शरद सत्रातल्या मार्चिंग बँडचा श्रेयांक शारीरिक शिक्षणाच्या श्रेयांकाऐवजी धरता येतो. ज्याला आपण ‘अभ्यासाव्यतिरिक्त’ म्हणून शेवटच्या तासाला ढकलतो, त्याला इथे दिवसाच्या मधोमध जागा आहे. अमेरिकी सरकारी शाळेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. घरी पियानो नाही, खासगी शिकवणी परवडत नाही, अशा मुलाच्या हातात शाळेचा सूझाफोन येतो, कारण एवढं महागडं वाद्य कुणाच्या घरचं नसतंच.

शुक्रवारी हा बँड प्रेक्षकांत बसून सामनाभर वाजवतो आणि मध्यंतरात मैदानावर उतरतो. सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा बहुतेक ठिकाणी मुलांना खाण्यापिण्यासाठी मोकळा मिळतो. ते खाणं विकणारे, वाद्यांचे ट्रक चढवणारे-उतरवणारे, मरिंबा ढकलत मैदानात नेणारे सगळे पालक असतात. त्यांच्या मंडळाला बूस्टर क्लब म्हणतात. बँडची खरी परीक्षा मात्र ऑक्टोबरमधल्या शनिवारच्या स्पर्धांत होते. आधी विभाग, मग क्षेत्र आणि निवड झाली तर नोव्हेंबरमध्ये सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये राज्य. कित्येक वर्षी दिवाळी याच शनिवारांच्या आसपास येते. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, अॅलन या गावांत आता पुष्कळ मराठी घरं आहेत. तिथे लक्ष्मीपूजनाची वेळ बँडच्या बसच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागते.

या सगळ्यावर ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग’ म्हणजे यूआयएल या संस्थेची नजर असते. ती टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेशी जोडलेली आहे आणि तिचं मूळ १९१०च्या वादविवाद स्पर्धांत आहे. तिचा आठ तासांचा नियम प्रसिद्ध आहे : शाळेच्या आठवड्यात, शाळेच्या वेळेबाहेर, एका उपक्रमाचा सराव आठ तासांपलीकडे जाता कामा नये. फुटबॉलमध्ये अंगावर धडकण्याच्या सरावावरही साप्ताहिक मर्यादा आहे. डोक्याला होणाऱ्या इजांबद्दल आज जे कळलं आहे ते पाहता ती आणखी कडक व्हायला हवी, असं माझं मत आहे.

त्याहून मोठा नियम कायद्याने आला. १९८४मध्ये उद्योजक रॉस पेरो यांच्या समितीने शिक्षणसुधारणा सुचवल्या आणि गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या काळात ‘हाउस बिल ७२’ मंजूर झालं. त्यातलं एक कलम ‘नो पास, नो प्ले’ या नावाने घरोघरी पोहोचलं. कोणत्याही एका विषयात ७०पेक्षा कमी गुण पडले, की सामना नाही, बँडची स्पर्धा नाही, काही नाही. पहिल्यांदा ही बंदी सहा आठवड्यांची होती. गावोगावचे प्रशिक्षक आणि पालक संतापले, खटले झाले, आणि १९८६मध्ये व्हाइट निवडणूक हरले त्यामागे हाही राग होता असं अनेक जण मानतात. १९९५मध्ये बंदी तीन आठवड्यांवर आली आणि त्या काळात सरावाला येण्याची मुभा मिळाली. कायदा मात्र टिकला. आज ऑक्टोबरमध्ये पहिल्या सत्रभागाचे गुण लागायच्या आठवड्यात बीजगणिताच्या शिक्षकांच्या वर्गाबाहेर फुटबॉलचा प्रशिक्षक आणि बँडचे शिक्षक दोघेही चौकशीला उभे दिसतात. हे दडपण शिक्षकावर येतं हे खरं. तरीही माझं मन या नियमाच्या बाजूने आहे, कारण त्यामुळे मागे पडलेल्या मुलाकडे निदान तीन मोठ्या माणसांचं लक्ष तरी जातं.

आता प्रश्न असा की या रात्रीत जागा किती मुलांना मिळते? याचं उत्तर डिस्ट्रिक्ट किती हायस्कुलं बांधतो यावर ठरतं. डॅलसच्या उत्तरेला काही मैलांच्या अंतरावर दोन अगदी उलट उत्तरं उभी आहेत. अॅलनने सगळं गाव एका हायस्कूलमध्ये ठेवलं. पाच हजारांहून अधिक मुलं, शेकडो मुलांचा प्रचंड बँड, आणि २०१२मध्ये उघडलेलं अठरा हजार आसनांचं, सहा कोटी डॉलरचं स्टेडियम. याच शाळेच्या संघाने २०१२ ते २०१४ सलग तीनदा राज्य जिंकलं. कायलर मरे हा पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू तेव्हा इथलाच विद्यार्थी. काँक्रीटला तडे गेल्यामुळे २०१४मध्ये ते स्टेडियम बंद करावं लागलं आणि दुरुस्तीनंतर २०१५मध्ये पुन्हा उघडलं, हेही त्या कहाणीत आहे. फ्रिस्कोने उलट ठरवलं : हायस्कूल साधारण दोन हजार मुलांपलीकडे वाढू द्यायचं नाही. लोकसंख्या फुगली तशी तिथे शाळांची संख्या वाढत गेली, आज ती बारा आहे. बारा शाळा म्हणजे बारा बँड, बारा फुटबॉल संघ, बारा नाटकं, बारा विद्यार्थी परिषदा. सामने मात्र मोजक्या स्टेडियमांत वाटून होतात. त्यातलं एक तर डॅलस काउबॉईज या व्यावसायिक संघाच्या सरावाच्या जागीच आहे.

एक गाव एका झेंड्याखाली यावं याची ओढ मला कळते. पण पंधरा वर्षांच्या साध्या, मध्यम खेळणाऱ्या मुलाच्या बाजूने विचार केला, तर फ्रिस्कोचं गणित जास्त माणुसकीचं आहे. तिथे क्लॅरिनेटच्या रांगेत, क्रॉस कंट्रीच्या संघात, मुख्य भूमिकेत त्याचं नाव लागण्याची शक्यता वाढते. संख्येचा हा हिशेब यूआयएलही ठेवतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पटावर किती मुलं आहेत, त्यावर दर दोन वर्षांनी शाळांचे १ए ते ६ए असे गट लावले जातात. अगदी छोट्या, पश्चिमेकडच्या माळरानावरच्या शाळा सहा जणांचं फुटबॉल खेळतात. ऐंशी यार्डांचं मैदान, आणि मध्यंतरानंतर ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. अशा शाळांत खेळाडूच मध्यंतरात फुटबॉलच्या पोशाखात ट्रम्पेट घेऊन बँडमध्ये उभे राहतात, कारण दुसरं आहे कोण?

सहा कोटींचं स्टेडियम असताना शिक्षकांचे पगार का वाढत नाहीत, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. कायद्याने दोन थैल्या वेगळ्या आहेत. बांधकामासाठी मतदारांनी मंजूर केलेले रोखे पगारावर खर्च करता येत नाहीत. २०१९च्या कायद्याने मोठ्या स्टेडियमचा प्रस्ताव मतपत्रिकेवर शाळेच्या वर्गखोल्यांपासून वेगळा मांडणं बंधनकारक केलं. ते फार उशिरा आलेलं, पण योग्य पाऊल आहे.

या ऋतूतला सर्वांत रंगीत शुक्रवार होमकमिंगचा. माजी विद्यार्थी परत येतात, शनिवारी नाचाचा कार्यक्रम असतो, आणि शुक्रवारी मुली दिवसभर छातीवर ‘मम’ मिरवतात. एके काळी ते खरं शेवंतीचं फूल होतं. आज ते पुठ्ठ्यावरचं भलंमोठं कृत्रिम फूल असतं. त्याखाली गुडघ्यापर्यंत, कधी जमिनीपर्यंत रिबिनी, वेण्या घातलेल्या पट्ट्या, चकाकत्या अक्षरांत नावं, मधोमध टेडी बेअर, कधी बॅटरीवर लुकलुकणारे दिवे आणि असंख्य घंट्या. त्या दिवशी शाळेचे कॉरिडॉर घंट्यांनी किणकिणतात. मुलं दंडावर याचीच छोटी आवृत्ती बांधतात. बारावीच्या मुलींच्या रिबिनी पुष्कळ शाळांत पांढऱ्या-चंदेरी असतात. घरी आयांनी बसून बनवलेलं मम स्वस्त पडतं. दुकानातून बनवून घेतलं तर काही शे डॉलरही लागतात. ज्या मुलीला ते घेता येत नाही, तिला तो शुक्रवार किती लांब वाटत असेल याचा विचार शाळांनी करायला हवा. काही ठिकाणी जुनी ममं जमा करून, रिबिनी बदलून, न विचारता देण्याची पद्धत आहे. ती प्रत्येक शाळेत असावी.

प्राथमिक शाळांचा शरद याहून शांत असतो. ऑक्टोबरअखेर अमली पदार्थविरोधी ‘रेड रिबन वीक’ येतो. १९८५मध्ये मारले गेलेले अमेरिकी अधिकारी एन्रिके कामारेना यांच्या स्मरणार्थ तो सुरू झाला. आज मुलांच्या लेखी मात्र तो रोज वेगळे मोजे, वेगळी टोपी घालून जाण्याचा आठवडा आहे. डॅलसच्या आसपास वर्गशिक्षिका १८८६पासून चालत आलेल्या स्टेट फेअर या जत्रेची मोफत तिकिटं वाटतात आणि अनेक डिस्ट्रिक्ट त्यासाठी एक दिवस सुट्टी देतात.

नोव्हेंबर उजाडला की बाद फेरीचे सामने थँक्सगिव्हिंगपर्यंत आणि त्यापुढे चालतात. बँडचे पोशाख धुऊन कपाटात जातात आणि तीच मुलं बसून वाजवायच्या मैफिलीच्या तयारीला लागतात. त्याच नोव्हेंबरमध्ये अनेक डिस्ट्रिक्टमध्ये रोख्यांवर आणि विश्वस्तांच्या जागांवर मतदान होतं. त्या मतपत्रिकेवर काय लिहिलेलं असतं आणि मतदानाला जातं कोण, ते पुढच्या लेखांकात.