ड्रायर नीट चालत नाही? मेकॅनिकला बोलावण्याआधी लिंट काढून बघा

‘ड्रायर क्लीनिंग’ असं यूट्यूबवर टाकलं की भराभर व्हिडिओ येतात. अडचण एवढीच, की त्यातले बरेचसे आपल्या घरातल्या मशीनचे नसतात.

आपण ड्रायर म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या गावाकडे, हिवरखेड-तेल्हारा-अकोट भागात, घरोघरी दिसते ती दोन टबची सेमी-ऑटोमॅटिक मशीन. तिच्यातला छोटा टब म्हणजे आपला ड्रायर. तो कपडे वाळवत नाही, जोरात फिरवून पिळतो. दुसरा ड्रायर खरोखर गरम हवेने वाळवतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो वॉशर-ड्रायरच्या रूपात येतो, आणि अमेरिकेत एमएसला गेलेल्या मित्रांची तर दर आठवड्याला त्याच्याशी गाठ पडते.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, मशीन मेकॅनिक नाही. पण घरून फोन येतो, “मशीन नुसती घुंघुं करून राह्यली, फिरत नाही,” तेव्हा मी जे प्रश्न क्रमाने विचारतो, तेच इथे लिहितोय.

लिंट म्हणजे काय?

कपडे एकमेकांवर घासले की त्यांचे बारीक तंतू सुटतात. हेच लिंट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी केल्यावर जी रुई उरते, तिलाही इंग्रजीत लिंटच म्हणतात. टॉवेल, बेडशीट, सुती बनियन यातून ते जास्त निघतं.

एक सूत्र लक्षात ठेवा: पिळणाऱ्या टबातून पाणी बाहेर जायला वाट लागते, आणि गरम हवेच्या ड्रायरमधून दमट हवा बाहेर जायला. लिंट ही वाट अडवतं. बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

वऱ्हाडात यात आणखी एक भर पडते. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट आणि बऱ्याच ठिकाणी जड असतं. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि चिकट साका तयार होतो. त्या साक्यात लिंट अडकलं की पाइपमध्ये घट्ट गोळे बनतात.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन: साफ कशी करायची?

१. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही.

२. धुण्याच्या टबच्या कडेला जाळीची छोटी पिशवी किंवा डबी असते. तो लिंट फिल्टर. काढा, उलटा करा, नळाखाली जुन्या टूथब्रशने घासा. प्रत्येक धुण्यानंतर हे केलं तर दोन मिनिटांचं काम आहे. जाळी फाटली असेल तर नवीन घ्या, कारण फाटक्या जाळीतून सगळं लिंट पाइपमध्ये जातं.

३. ड्रायरच्या टबात मोबाइलचा टॉर्च मारा. आतली भोकांची बास्केट आणि बाहेरचा ड्रम यांच्या फटीत पायमोजा, रुमाल किंवा लिंटचा गोळा दिसतो का बघा. दिसत असेल आणि हात पोचत असेल तरच काढा. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका.

४. ड्रेन पाइप जमिनीवर सरळ टाका. या मशीनमध्ये साधारणपणे पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. पाइप उंच टांगला किंवा दुमडला तर पाणी आतच राहतं.

५. ड्रायरच्या टबात अर्धी बादली कोमट पाणी हळूहळू ओता आणि पाइपच्या तोंडाकडे बघा. धार जोरात आली तर वाट मोकळी. थेंबथेंब आली तर पाइप काढून उलट्या बाजूने पाणी मारा.

तक्रार कोणती? कारण कुठे?

*कपडे ओलेच निघतात, टब फिरताना पाण्याचा आवाज येतो:* खालचं पाणी निघत नाहीये. बास्केट साचलेल्या पाण्यात फिरते, मोटरवर ताण येतो आणि वेग कमी होतो. वरची पायरी ४ आणि ५ करा.

*मशीन धाडधाड हलते:* यात लिंटचा दोष नसतो. कपडे एका बाजूला गोळा झालेत. सारखे पसरून दाबा, वरची प्लास्टिकची जाळी नीट बसवा, आणि मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत का बघा.

*काहीच आवाज नाही:* झाकण पूर्ण बंद आहे का बघा. झाकण उघडं असेल तर सुरक्षेसाठी मोटर चालत नाही.

*घुंघुं आवाज येतो पण फिरत नाही:* प्लग काढून बास्केट हाताने फिरवा. अडकत असेल तर फटीत कपडा आहे किंवा ब्रेक सुटत नाही. सहज फिरत असेल तर कपॅसिटर कमजोर झाल्याची शक्यता मोठी. हे काम मेकॅनिकचंच. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि झटका बसू शकतो.

गरम हवेचा ड्रायर: इथे प्रश्न आगीचा आहे

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये लिंट साचलं तर कपडे ओले राहतात. गरम हवेच्या ड्रायरमध्ये साचलं तर आग लागू शकते. कापूस किती पटकन पेट घेतो, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. लिंट त्याहून बारीक, वाळलेलं, आणि हीटरच्या जवळ.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार तिथे घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या. त्यातलं सगळ्यात मोठं कारण, ३४ टक्के, म्हणजे सफाई न करणं. लंडनमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये शेफर्ड्स बुश भागातल्या १८ मजली इमारतीत लागलेली आगही एका सदोष ड्रायरमुळेच सुरू झाली होती.

म्हणून बाहेर राहणाऱ्या मित्रांनो, हे पाळा:

– प्रत्येक लोडनंतर लिंटची जाळी हाताने साफ करा. अधूनमधून जाळीवर पाणी ओता. पाणी वरच थांबलं तर सॉफ्टनर शीटचा थर बसलाय. साबण आणि ब्रशने धुवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.
– हवा बाहेर सोडणारा पाइप वर्षातून एकदा साफ करून घ्या. पाइप धातूचा हवा, प्लास्टिकचा नको.
– एका फेरीत वाळणारे कपडे दोन फेऱ्या घेऊ लागले, किंवा मशीन नेहमीपेक्षा जास्त तापू लागली, तर हवेची वाट तुंबल्याची ती खूण आहे.
– तेलाची फडकी किंवा पेट्रोल लागलेले कपडे ड्रायरमध्ये टाकू नका. धुतल्यावरही तेलाचा अंश राहतो आणि तो उष्णतेने पेटू शकतो.
– ड्रायर चालू ठेवून झोपू नका, बाहेर जाऊ नका.

घरात वॉशर-ड्रायर असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये वेगळी जाळी नसते, लिंट पाण्याबरोबर जातं. त्यामुळे खालच्या कोपऱ्यातला पंप फिल्टर महिन्यातून एकदा उघडा. पाणी थंड होऊ द्या, खाली ताट ठेवा, मगच फिरवा.

मोबाइलचा उपयोग

काहीही उघडण्याआधी फोटो काढा, परत बसवताना सोपं जातं. मेकॅनिकला बोलवायचंच असेल तर आवाजाचा १५ सेकंदांचा व्हिडिओ आणि मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो आधी पाठवा, म्हणजे तो योग्य पार्ट घेऊनच येईल. आणि फिल्टरसाठी कॅलेंडरमध्ये महिन्याचा रिमाइंडर आत्ताच लावा. गावाकडे आई-बाबांच्या फोनमध्येही लावून द्या.