सूर्य असताना डिझेल कशाला?

पॅसिफिक महासागरात टोकेलाऊ ही न्यूझीलंडच्या अखत्यारीतील तीन प्रवाळबेटे आहेत. तेथे विमानतळ नाही. सामोआहून बोटीने जायला दिवसाहून अधिक वेळ लागतो. २०१२ पर्यंत बेटांवरची वीज डिझेलवर चाले, आणि ते डिझेलही याच वाटेने येई. त्या वर्षी तिन्ही बेटांवर सौर पॅनेल व बॅटऱ्या बसल्या. डिझेल जनित्रे मात्र ठेवली. का बरे?

आपण हिशेब करू. एखाद्या गावाला रोज १०० युनिट वीज लागते आणि त्यांतली ६० रात्री, असे धरा. एरवी ६० युनिटांचा साठा पुरेल. पण सलग तीन दिवस आभाळ भरून राहिले, तर ३०० युनिटांचा लागेल. (ढगांतूनही थोडी वीज मिळते, ती सध्या सोडून देऊ.) म्हणजे पाचपट बॅटऱ्या, आणि वर्षातले बहुतेक दिवस त्या नुसत्याच जुन्या होत राहणार! त्यापेक्षा तेवढे दिवस जनित्र परवडते.

जनित्राचीही एक खोड असते. वारंवारता ५० हर्ट्झ राखायची तर साध्या जनित्राचे इंजिन एकाच वेगाने फिरायला हवे, मग गावात एक दिवा लागो की शंभर. घर्षणापायी जाणारे इंधन चुकत नाही. त्यामुळे कमी भारावर युनिटमागे डिझेल जास्त जळते. शिवाय इंजिन पुरेसे तापत नाही आणि आत काजळी धरते. म्हणून ते रात्रभर रेंगाळत ठेवायचे नाही. थोडाच वेळ, पण जवळजवळ पूर्ण भाराने चालवायचे, गावाला पुरवून उरलेली वीज बॅटऱ्यांत भरायची आणि बंद करायचे.