कोप कुणाचा, कृपा कुणावर?

पूर, दरड किंवा भूकंपाची बातमी वृत्तकक्षात येऊन धडकली की मथळ्यासाठी सर्वांत आधी हाताशी येणारा शब्द म्हणजे 'प्रकोप'. 'निसर्गाचा प्रकोप' हा मथळा आम्ही उपसंपादकांनी इतक्या वेळा दिला आहे की त्यातला 'कोप' आता कुणाला ऐकूही येत नाही. तरीही शब्द आपले काम करतोच. कोप म्हणजे राग. राग म्हटला की रागावणारा कुणीतरी असतो आणि त्याला राग यावा असे कुणीतरी काही केलेले असते. एका जीवघेण्या साथीच्या रोगाला तर आपण 'देवी' हेच नाव दिले होते. 'पापाचा घडा भरला' हे वाक्यही प्रत्येक आपत्तीनंतर कुठल्या ना कुठल्या कट्ट्यावर ऐकू येते. बोलणाऱ्याला ते काहीच पडत नाही. ज्याचे घर गेले, मूल गेले, त्याच्यावर मात्र ते दुसरे संकट असते. आधी हानी आणि मग आरोप.

आपत्ती हा ईश्वरी न्यायनिवाडा असतो का, या प्रश्नाने ख्रिस्ती परंपरेलाही शतकानुशतके छळले आहे. तिने दिलेले उत्तर समजून घ्यायचे तर गोव्याशी नाते असलेल्या एका शहराकडे जावे लागते.

लिस्बनची ती सकाळ

१ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालच्या राजधानीत सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चे भाविकांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. त्याच वेळी अटलांटिकच्या तळाशी झालेल्या महाभूकंपाने शहर हादरले. छपरे प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळली. जीव वाचवून नदीकाठाकडे धावलेल्यांना त्सुनामीच्या लाटांनी गाठले. उरलेले शहर कित्येक दिवस आगीत जळत राहिले. मृतांची संख्या निश्चित सांगता येत नाही, पण ती हजारोंच्या घरात होती. कार्मू मठाच्या चर्चच्या छप्पर नसलेल्या कमानी आजही तिथे उभ्या आहेत.

मग कारणांचा शोध सुरू झाला. जेझुइट धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी १७५६ मध्ये एक पुस्तिका काढली. भूकंपाचे कारण भूगर्भात शोधू नका. लिस्बनकरांची पापे, नाटके आणि करमणुकी हेच खरे कारण आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. तिकडे इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनाही यात ईश्वराचा हात दिसला, पण त्यांचे बोट इन्क्विझिशनने सांडलेल्या रक्ताकडे होते. गोमंतकीय वाचकाला इन्क्विझिशनची वेगळी ओळख करून द्यायला नको. भूकंप एकच होता. एकाला त्यात नाटकगृहांची शिक्षा दिसली, दुसऱ्याला धर्मन्यायालयाची. ज्याला जे पाप आधीपासून खुपत होते, तेच त्याला ढिगाऱ्याखाली सापडले.

राज्यकारभार पाहणाऱ्या मंत्र्याने, म्हणजे पुढच्या मार्क्विस द पोंबालने, वेगळी वाट धरली. मेलेल्यांना पुरा आणि जगलेल्यांकडे पाहा, अशा आशयाचा सल्ला त्याच्या नावावर सांगितला जातो. काही जण त्याचे श्रेय मार्क्विस द आलोर्ना यांना देतात. हे आलोर्ना पूर्वी गोव्याचे व्हाइसरॉय होते आणि पेडण्यातील हळर्णचा किल्ला जिंकल्यावरून त्यांना हे बिरुद मिळाले होते. सरकारने गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावलीही धाडली. धक्के किती वेळ बसले, समुद्र आधी ओसरला की चढला, जमिनीला भेगा पडल्या का, असे प्रश्न तिच्यात होते. भूकंपशास्त्राच्या प्रारंभिक पावलांत या प्रश्नावलीची गणना होते.

बुरूज कोसळला तेव्हा

मालाग्रिदा आणि वेस्ली या दोघांच्याही हातात एकच बायबल होते. त्यात जलप्रलय आहे, सदोम आणि गमोरा आहेत. ईश्वर न्याय करतो ही श्रद्धा ख्रिस्ती धर्मातून वगळता येत नाही आणि तसा आव आणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र त्या कथांमधील संदेष्टा आपत्तीच्या आधी बोलतो आणि बहुधा स्वतःच्याच लोकांना सावध करतो. योनाला परक्या निनवे नगरीकडे पाठवले जाते, तेव्हा ते नगर पश्चात्ताप करते आणि वाचते. त्यावर नाराज होतो तो संदेष्टाच. आपण नेमके उलटे करतो. आपत्ती घडून गेल्यावर बोलतो आणि दुसऱ्यांविषयी बोलतो.

खुद्द येशूपुढे हा प्रश्न आला होता. लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात तो प्रसंग आहे. शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती माणसे यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते का, असे येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. लगेच तो ऐकणाऱ्यांनाही बजावतो की पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. या इशाऱ्याचा रोख मेलेल्यांकडे नाही. तो जिवंत उभ्या असलेल्या, प्रश्न विचारणाऱ्या माणसांकडे आहे. आपत्ती पाहून दुसऱ्याचे पाप मोजायचे नाही, स्वतःचे आयुष्य तपासायचे.

पुढचाच दृष्टांत अंजिराच्या झाडाचा आहे. तीन वर्षे फळ न धरलेले झाड तोडून टाक, असे मालक म्हणतो. माळी मात्र आणखी एक वर्ष मागून घेतो. भोवतालची माती खणीन, खत घालीन, असे म्हणतो. ख्रिस्ती अर्थाने कृपा म्हणजे काय, हे या माळ्याकडे पाहिले की कळते. कृपा म्हणजे न कमावलेले देणे, पात्रतेचा हिशेब न मांडता मिळालेले आणखी एक वर्ष. सूर्य आणि पाऊस सज्जन-दुर्जन दोघांनाही मिळतात, या येशूच्या शिकवणुकीचा गाभाही हाच आहे.

'कृपेने वाचलो' म्हणताना

तरीही एक अडचण उरते. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तमिळनाडूतील वेलंकण्णीच्या किनाऱ्यावर त्सुनामीने शेकडो यात्रेकरूंचे प्राण घेतले. बॅसिलिका मात्र वाचली. गोव्यातूनही दरवर्षी भाविक ज्या तीर्थक्षेत्री जातात, ते हे ठिकाण. तिथे वाचलेला माणूस 'देवाच्या कृपेने वाचलो' म्हणतो, तेव्हा ती कृतज्ञता खरी असते. पण त्या वाक्याचा नियम केला की वाहून गेलेल्यांवर कृपा नव्हती, असा अर्थ निघतो. वाचणे हे कृपेचे प्रमाणपत्र मानले तर मरणे आपोआप दोषपत्र ठरते. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी क्रूसावर मारला गेलेला निरपराध आहे, त्याला हा हिशेब मान्य करता येत नाही.

आपल्या देशात हा वाद १९३४ मध्ये गाजला. १५ जानेवारीच्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी त्याचा संबंध अस्पृश्यतेच्या पापाशी जोडला. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांच्याच बाजूने असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली आणि गांधीजींनी ती 'हरिजन'मध्ये छापली. हेच तर्कट विरोधकही वापरू शकतील आणि भूकंपाचा दोष सुधारकांच्या माथी मारतील, हा टागोरांचा मुद्दा होता. लिस्बनमध्ये तेच घडले होते. हेतू कितीही उदात्त असला तरी पीडिताला पुरावा म्हणून वापरता येत नाही.

याचा अर्थ जबाबदारी कुणाचीच नाही, असा होत नाही. डोंगर कापला, नाले बुजवले, पूररेषेत इमारती बांधल्या, तर पाणी घरात शिरते. तो दैवी निवाडा नव्हे, माणसाच्या हाताचे काम आहे आणि त्याचा जाब माणसालाच विचारायला हवा. 'देवाची इच्छा' म्हणून तो टाळणे ही पळवाट झाली.

उत्तर नव्हे, सोबत

निरपराध माणूस का भरडला जातो? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर ख्रिस्ती परंपरेकडेही नाही. ईयोबाच्या कथेत त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसून राहतात. तोवर ते मित्र असतात. तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधू लागतात, तेव्हा ते फिर्यादी होतात. अखेरीस ईश्वर रागावतो तो ईयोबाला दोष देणाऱ्या या पंडितांवर.

कृपेची ही समज कृतीत कशी उतरते, याचे मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचे धर्मपरायण आईवडील दुष्काळाच्या काळात उपासमारीने गेले होते. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि भुकेने मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या 'मुक्ती'त अशा शेकडो जणींना आसरा मिळाला. त्या मुलींनी कोणते पाप केले होते, हा प्रश्न दारात विचारला गेला नाही. आधी जेवण दिले गेले.

पुढच्या आपत्तीची बातमी येईल, तेव्हा मथळ्यात 'प्रकोप' लिहिण्यापूर्वी माझा हात थोडा थांबेल. निसर्ग रागावत नाही, आणि देव कुणावर रागावला हे ठरवण्याचा अधिकार वृत्तकक्षाला नाही. किती माणसे निवाऱ्यावाचून आहेत आणि मदत कुठे पोहोचवायची, हे मात्र पहिल्या ओळीत सांगता येते.